गोव्यातील हिवाळी रानबदके

गोव्यातील तळी, खाजने (खाडीकाठी बांध घालून राखलेली सखल शेतजमीन), मिठागरे व खाडीकाठ यांवर साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात दिसणारी स्थानिक व स्थलांतरित बदके आणि त्यांच्या संगतीने राहणारे इतर पाणपक्षी. करमळी (तिसवाडी), नंदा (कुडचडे) आणि कुडतरी (सासष्टी) येथील तळी, तसेच चोडण व दिवाडी या बेटांभोवतीची पाणथळे ही त्यांची प्रमुख ठिकाणे. एके काळी या पक्ष्यांची शिकार होई; आज ती कायद्याने पूर्ण बंद आहे. तरीही एखाद्या तळ्यावर एका वर्षी बदकांनी पाणी झाकून जाते आणि पुढच्या वर्षी तिथे शुकशुकाट असतो. याचे कारण बंदुकीत कमी आणि तळ्याच्या दारात, म्हणजे पाणी कधी अडवले आणि कधी सोडले यात, अधिक सापडते.

तळी आणि पाण्याचे वेळापत्रक

गोव्यात तळे म्हटले की ते बहुधा कोणीतरी बांधलेले असते. गावकारी (पुढे पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद) ही गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी व्यवस्था. सखल जागेला बांध घालून, त्यात पाणी सोडण्याची दारे ठेवून तिने शेतीसाठी पाणी साठवले. पावसाळ्यातले सरद पीक पावसावर येते. प्रश्न असतो तो त्यानंतरच्या वायंगण भाताचा. म्हणून पाऊस ओसरू लागला की दारे बंद होतात, तळे भरते आणि नोव्हेंबरपासून हळूहळू खालच्या शेतांना पाणी सोडले जाते. उत्तरेकडची बदके पोचतात ती नेमकी याच सुमारास. पाणी भरलेले पण खोल नसलेले, तळाशी कुजलेला पाला, पाणवनस्पतींचे कंद आणि बी, कडेला उथळ चिखल: शेतकऱ्याने वायंगणासाठी केलेली तजवीज बदकांच्या पथ्यावर पडते.

पृष्ठभागावर चरणारी बदके बुडी मारत नाहीत. डोके पाण्यात, शेपूट आभाळाकडे अशी उलटी होऊन मान पोचेल तेवढ्याच खोलीवरचे खातात. त्यामुळे गुडघाभर पाण्याचे तळे त्यांना खोल धरणापेक्षा कितीतरी मोलाचे. उभ्या काठांच्या मोठ्या जलाशयावर पाणकावळे दिसतील. बदकांची झुंबड तिथे शोधू नये. दारे आठवडाभर आधी उघडली, मासे पकडण्यासाठी पाणी एकदम उपसले किंवा उलट वायंगण कोणी केलेच नाही म्हणून पाणी तुंबूनच राहिले, तर त्या वर्षीचे पक्षी बाजूच्या तळ्याकडे वळतात.

प्रमुख ठिकाणे

करमळीचे तळे या सर्वांत प्रसिद्ध. जुने गोवेपासून जवळच, सुमारे ७० हेक्टर पसरलेले हे तळे देशातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत आहे. त्यात रानभाताचे दाट पुंजके उगवतात. अन्न आणि आडोसा दोन्ही त्यातून मिळतो. कोकण रेल्वेचा मार्ग तळ्याच्या कडेने जातो आणि करमळी स्थानक अगदी शेजारी आहे, त्यामुळे पक्षी पाहायला आलेला माणूस गाडीतून उतरून थेट काठावर येऊ शकतो. (याच करमळीचा ब्रह्मदेव सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भयाने सत्तरीत हलवला गेला. देवाबरोबर गावाचे नावही गेले, म्हणून तिथे ब्रह्माकरमळी झाली. तळे मात्र जागच्या जागी राहिले.)

कुडचडे येथील नंदा तळे हे गोव्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली पाणथळ जागा. त्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. क्षेत्र अवघे ४२ हेक्टर. जुवारी नदीच्या एका प्रवाहालगतची ही दलदलीची जागा पावसाळ्यानंतर पाणी अडवून भरली जाते आणि खालच्या भातशेतीला उपयोगी पडते. अडई (शीळ घालणारे स्थानिक बदक), कमळपक्षी, काळ्या डोक्याचा शराटी, छोटा पाणकावळा हे येथले नेहमीचे रहिवासी. सासष्टीतील कुडतरी गाव तळ्यांसाठीच ओळखले जाते. रायतळे त्यातले नामवंत. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य (१९८८, क्षेत्र १.७८ चौ.किमी.) प्रसिद्ध असले तरी ते खारफुटीचे बन आहे. तिथे बगळे, खंड्या आणि चिखलात चोच खुपसणारे पक्षी पाहावेत. पणजी–रायबंदर रस्त्यालगतच्या जुन्या मिठागरांचेही तसेच: शेकाट्या आणि तुतारी भरपूर, बदके थोडी.

कोणते पक्षी

संख्येत सर्वांत पुढे अडई. तांबूस-तपकिरी, लांब मानेची ही बदके करमळीत हिवाळ्यात हजारांच्या घरात जमतात. काठावर उभा राहून कोणी हमखास सांगतो की ही सायबेरियाहून आली. तसे नाही. अडई इथलीच, पावसाळ्यात शेताशेतांत विखुरलेली असते आणि पाणी आटू लागले की टिकून राहिलेल्या तळ्यांवर गोळा होते. दिवसा तळ्यावर डुलक्या काढते, सांज झाली की शीळ घालत थव्याथव्याने शेतांकडे जाते आणि रात्रभर चरून पहाटे परतते. म्हणजे तळे ही तिची निजायची खोली झाली. स्वयंपाकघर भाताच्या खाचरात. तळे राखले आणि खाचर बुजवले तर अडई राहणार नाही, हे संवर्धनाच्या चर्चेत बऱ्याचदा निसटते.

खरे प्रवासी वेगळे. पांढऱ्या भुवईचे भुवई बदक, सुईसारख्या शेपटीचे तलवार बदक, पसरट चोचीचे थापट्या आणि लहानखुरे चक्रांग ही चार बदके मध्य आशिया व सायबेरियातील वीणक्षेत्रांहून मध्य आशियाई उड्डाणमार्गाने भारतात येतात. हा मार्ग उत्तर ध्रुवप्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंतच्या सुमारे ३० देशांना जोडतो. गोव्यात पोचणारे थवे घाटावरच्या मोठ्या जलाशयांच्या मानाने लहान असतात. चक्रवाक आणि डुबी मारणारी बदके अधूनमधून दिसतात, पण त्यांची खात्री देता येत नाही. काणूक, नकटा व हळदी-कुंकू बदक हे देशातलेच.

बदकांच्या घोळक्यात बदक नसलेला एक काळा पक्षी असतो, त्याला मराठीत वारकरी म्हणतात. काळ्या अंगावर कपाळाचा पांढरा टिळा पाहिला की नाव कुठून आले हे सांगावे लागत नाही. जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, कमळपक्षी हीही याच मेळ्यातली मंडळी. वरून दलदल ससाणा घिरट्या घालू लागला की सगळे पाणी एका क्षणात उडते.

गणना

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. या उपक्रमात गोव्यातील पक्षिनिरीक्षक ठरलेल्या तळ्यांवर जाऊन मोजणी करतात. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा-वीस पक्षी नीट मोजायचे, तेवढा गठ्ठा डोळ्यांत बसवायचा आणि मग ते गठ्ठे थव्यावर किती वेळा बसतात ते पाहायचे. शंभराच्या थव्यात हा अंदाज बरा येतो. हजारांत दोन अनुभवी माणसांच्या आकड्यांतही बरेच अंतर पडते. रानभातात दडलेली अडई उडाल्याशिवाय दिसत नाही, आणि ती उडाली की मोजायला मिनिटभरही मिळत नाही. उन्हे वर आली की पाण्यावरची हवा थरथरते, म्हणून काम सकाळीच उरकायचे. शेजारच्या तळ्यांवर एकाच वेळी माणसे नसतील तर उडून गेलेला थवा दोनदा मोजला जातो. या सगळ्यामुळे एका तळ्याच्या एका वर्षाच्या आकड्यावरून बदके घटली किंवा वाढली असे म्हणणे धाडसाचे. जवळपासची सर्व तळी आणि सलग काही वर्षे धरली तर आकडे बोलू लागतात.

शिकार

काडतूस हा शब्द मराठीने पोर्तुगीजांकडूनच घेतला. छऱ्यांच्या बंदुकीने बदके आणि भाताच्या रोपांत दबा धरणारे पाणलावे टिपणे हा पोर्तुगीज काळात हौसेचा खेळ होता. शिकाऱ्याला हवी असे ती पहाटेची वेळ, धुके, वारा पडलेला आणि जानेवारी-फेब्रुवारीतले उतरते पाणी, कारण पाणी कमी झाले की विखुरलेले पक्षी एका जागी येतात. अडईच्या तळे ते शेत या संध्याकाळच्या फेरीचा मार्ग ठरलेला असतो. त्या वाटेखाली बसले की काम झाले. आज कॅमेरा घेऊन येणारे हीच वेळ, हीच जागा आणि हेच हवामान शोधतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ने सुरुवातीला शिकार सरसकट बंद केली नव्हती. बदके चौथ्या अनुसूचीत, म्हणजे लहान शिकारीच्या वर्गात होती आणि परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी करून दंडही वाढवला. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी त्याहून कडक शिक्षा. कायद्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे: फासे लावणे, जाळे टाकणे, विष घालणे, अंडी किंवा घरटी मोडणे हेही शिकारच. त्यामुळे गोव्यात बदकांच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम असा काही नाही. पाणथळ भागातील चोरट्या शिकारीची जास्त चर्चा होते ती पहिल्या पावसातल्या बेडकांची, ज्यांना हॉटेलांच्या बोलीत ‘जंपिंग चिकन’ म्हणतात.

सध्याची स्थिती

बंदूक गेल्यावर उरलेल्या अडचणी संथ आहेत. जलपर्णी व तत्सम तरंगत्या वनस्पती उघडे पाणी झाकतात. गाळाने तळी उथळ होत जातात. काठांवर भराव पडतो. खाजनात आणखी एक गुंता आहे. भरतीचे खारे पाणी रोखणारी मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार, नीट राखले नाही किंवा बांध फुटला, की शेतात खारे पाणी शिरते. भात बंद होते, काही वर्षांत खारफुटी उभी राहते. हिरवळ वाढली म्हणून पाहणाऱ्याला बरे वाटते, पण भाताच्या दाण्यावर जगणारी बदके तिथून उठलेली असतात आणि त्यांच्या जागी खेकडे व खेकडे खाणारे पक्षी येतात. मजूर मिळत नाहीत म्हणून वायंगण सोडलेल्या गावांत तळ्याची दारे कधी उघडायची हे ठरवायलाही कोणी उरत नाही.

मार्चअखेर प्रवासी बदके निघून जातात. भुवई बदकांचे चुकार थवे एप्रिलातही दिसतात. अडई मागे राहते. पहिला पाऊस पडून खाचरे भरली की तिचे थवे मोडतात, जोड्या जमतात आणि एखाद्या पोकळ झाडाच्या ढोलीत अंडी घातली जातात.