अनिष्टाची समस्या

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णपणे दयाळू आहे आणि तरीही जगात दुःख आहे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, या प्रश्नाला तत्त्वज्ञानात अनिष्टाची (किंवा दुरिताची) समस्या म्हणतात. तिन्हींपैकी एक सोडली की पेच सुटतो. म्हणूनच निर्माता ईश्वर न मानणाऱ्या बौद्ध व जैन दर्शनांना तो या रूपात पडत नाही. दुःखाचे कोडे त्यांनाही आहे, पण जाब विचारायला समोर कोणी नाही.

हा प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस (इ.स.पू. ३४१–२७०) याच्या नावावर सांगितला जातो. दुःख दूर करायची इच्छा आहे पण जमत नाही, तर देव दुबळा. जमते पण इच्छा नाही, तर निर्दय. त्याच्या उपलब्ध लेखनात मात्र ही मांडणी मिळत नाही. ती टिकली ती लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकामुळे, आणि त्याने ती उतरवली होती खोडून काढण्यासाठी.

ख्रिस्ती तत्त्वज्ञ ऑगस्टीनने अनिष्टाला स्वतंत्र अस्तित्वच नाकारले: अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तसे अनिष्ट म्हणजे चांगल्याचा अभाव. दात दुखणाऱ्याला याने कितपत समाधान मिळेल, हा भाग वेगळा. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने १७१० साली असा युक्तिवाद केला, की शक्य असलेल्या सर्व जगांत हेच सर्वोत्तम आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, ख्रिस्ती संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. चर्च भरलेली होती. छते कोसळली, आगी लागल्या, मागोमाग समुद्र शहरात शिरला. लायब्निट्सच्या आशावादाची फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने खिल्ली उडवली ती या घटनेनंतर. विचारवंत रूसोने त्याला उलट पत्र लिहिले, की सहा-सात मजली घरे तिथे दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. आपत्तीत माणसाचा वाटा किती, हा आजचा प्रश्न त्या पत्रात आधीच आहे.

विसाव्या शतकात वाद तर्कशास्त्राकडे वळला. तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी याने १९५५ मध्ये सुरुवातीची ती तीन विधाने परस्परविरोधी असल्याचे मांडले. त्यावर ॲल्विन प्लँटिंगाचे उत्तर असे: खरोखर स्वतंत्र माणूस कधीच चुकणार नाही, अशी व्यवस्था सर्वशक्तिमानालाही करता येईलच असे नाही. तार्किक विरोध यामुळे बराच सैलावला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. पण भूकंप काही कोणाच्या इच्छास्वातंत्र्यातून होत नाही. विल्यम रो याने १९७९ मध्ये नेमके इथेच बोट ठेवले. दूरच्या जंगलात वीज पडून वणवा लागतो, एक हरिणशावक भाजते आणि कित्येक दिवस तडफडून मरते. कोणी पाहत नाही, कोणी त्यातून काही शिकत नाही. दुःखाने माणूस घडतो, हे नेहमी दिले जाणारे उत्तर त्या पाडसापाशी येऊन थांबते.

भारतीय परंपरेत वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांनी (२.१.३४) हा आक्षेप ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, अशा दोन शब्दांत पकडला आहे. शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात: पाऊस सर्व शेतांवर सारखाच पडतो, भात उगवायचा की जव हे बियाणे ठरवते. तसा ईश्वर जीवांच्या कर्माप्रमाणे फळ देतो. मग पहिले कर्म कुठून आले? पुढचे सूत्र सांगते, संसार अनादि आहे. उत्तर चोख आहे, पण त्याची किंमत सूत्रातल्या ‘सापेक्ष’ या शब्दातच मोजलेली आहे: कर्माकडे पाहूनच ज्याला फळ द्यावे लागते, तो कितपत सर्वशक्तिमान? शिवाय पीडिताच्या माथी त्याचेच पूर्वकर्म मारायची सोय यातून होते, आणि ती भरपूर वापरली गेली आहे.

आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतल्या ज्यूंच्या संहारानंतर हान्स योनाससारख्या ज्यू विचारवंताने सर्वशक्तिमत्तेवरच पाणी सोडले. त्याच परंपरेतल्या, बायबलमधल्या ईयोबाच्या प्राचीन कथेत निर्दोष ईयोबाची मुले, संपत्ती, आरोग्य सगळे जाते. तुझेच काही पाप असणार, असे मित्र त्याला पुनःपुन्हा ऐकवतात. शेवटी वावटळीतून देव बोलतो, पण कारण सांगत नाही. वर तो रागावतो ते देवाचीच बाजू लढवणाऱ्या मित्रांवर.