सही, शिक्का आणि दस्तुर : सेनानींच्या पत्रसंग्रहाची पार्श्वभूमी

मुंबईत ऐतिहासिक सेनानींची पत्रे आणि सह्या जमवणारे मराठी संग्राहक बहुधा दोन वाटांनी या विषयाकडे येतात. काहींचा प्रवास टपाल तिकिटांच्या छंदापासून सुरू होतो, तर काहींचा मोडी वाचनापासून. पहिल्या वाटेने आलेला माणूस कागद हाती घेताच तळाशी सही शोधतो. दुसऱ्या वाटेने आलेला आधी मायना वाचतो आणि मग शिक्का तपासतो. या छंदातील जुन्या वादांपैकी पुष्कळसे या दोन सवयींच्या अंतरातून निघालेले आहेत, आणि त्यांच्या मुळाशी एका शब्दाचा घोळ आहे.

तो शब्द म्हणजे ‘हस्ताक्षर’. मराठीत त्याचा अर्थ हाताचे वळण, लिखाण असा होतो. हिंदीत तोच शब्द सहीसाठी वापरला जातो. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत दोन्ही भाषा एकाच दमात बोलल्या जातात, त्यामुळे पाकिटावर ‘अमुक सरदाराचे हस्ताक्षर’ असे लिहिलेले असले, तर विकणाऱ्याला सही अभिप्रेत आहे की लिखाण, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मराठेशाहीतील कागदांच्या बाबतीत तर सही हा अर्थ जवळजवळ कधीच लागू पडत नाही, कारण त्या पत्रव्यवहारात तळाशी नावाची सही करण्याची रीतच नव्हती. पाठवणाऱ्याचे नाव मायन्यातच येत असे. मजकूर चिटणीस किंवा कारकून बोरूने मोडीत लिहीत असे. पत्र संपले, की पुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये म्हणून ‘मर्यादेयं विराजते’ किंवा ‘लेखनसीमा’ अशी मुद्रा उमटवली जाई. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर मुद्रा असते, सही नसते. तेव्हा ‘महाराजांची सही असलेला कागद’ अशी वस्तू कोणी पुढे केली, तर कागद, शाई आणि वळण तपासण्याआधीच तिच्याविषयी संशय घ्यायला हवा.

मात्र मालकाच्या हातच्या अक्षरांना त्या काळात किंमत नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. त्यासाठी स्वतंत्र शब्द होता : ‘दस्तुर’. ‘दस्तुर खुद्द’ किंवा ‘स्वदस्तुर’ म्हणजे ज्याचे पत्र त्याच्याच हातचे लिखाण. कारकुनाचा मजकूर संपल्यावर कधी कधी सरदार स्वतः एखाददुसरी ओळ घालत असे, आणि जाणकाराला ती वळणातल्या फरकावरून ओळखता येते. याहून जुनी रीत दानपत्रांत दिसते. संभाजी महाराजांच्या १६८० च्या दानपत्रावर त्यांच्या हातच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या संस्कृत ओळी आहेत, त्यांची सुरुवात ‘मतं मे श्रीशिवराजपुत्रस्य’ अशी आहे. वर लिहिलेले आपल्याला मान्य आहे, अशी ती कबुली आहे. तिचा साचा याज्ञवल्क्य स्मृतीत सापडतो : लेख पुरा झाल्यावर ऋणकोने स्वतःच्या हाताने नाव घालून, ‘वर लिहिलेले अमक्याच्या मुलाला, म्हणजे मला, मान्य आहे’ असे नमूद करावे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे ही प्रथा धर्मशास्त्रातील दस्तऐवजाच्या नियमांतून आलेली आहे. तिला आजच्या अर्थाने ‘सही’ म्हटले की तिचा सारा संदर्भ पुसला जातो. या लेखापुरते मराठी कागदांसाठी ‘दस्तुर’ आणि युरोपीय पत्रांसाठी ‘सही’ हे शब्द वापरले आहेत; बाजारानेही हा भेद पाळावा, असे वाटते.

सही जमवण्याचा छंद युरोपातून आला. सोळाव्या शतकात जर्मन विद्यार्थी मित्रांच्या व गुरूंच्या ओळी वह्यांत घेत असत, तेथपर्यंत त्याचे मूळ जाते. इंग्लंडमध्ये तो पसरण्यास टपालाची एक सवलतही कारणीभूत झाली. पार्लमेंटच्या सभासदांनी लिफाफ्यावर सही केली, की पत्र फुकट जात असे. ही सवलत १८४० साली बंद होईपर्यंत आणि नंतरही असे सह्या असलेले तुकडे कापून वह्यांत चिकटवले जात. पुढे बाजाराने पत्रांची एक उतरंड ठरवली. संपूर्ण स्वतःच्या हाताने लिहून सही केलेले पत्र सर्वांत वर, लेखनिकाने लिहिलेले व फक्त सही केलेले त्याखाली, आणि कापलेली सही तळाला.

या उतरंडीत इंग्रज व फ्रेंच सेनानी नीट बसतात, कारण त्यांच्या सह्यांतूनच त्यांचे आयुष्य वाचता येते. नेपोलियन १७९६ पर्यंत आडनाव ‘बुओनापार्ते’ असे लिहीत असे, नंतर ‘बोनापार्त’ असे लिहू लागला. १८०४ साली सम्राट झाल्यावर त्याने पहिल्या नावाने सही करण्यास सुरुवात केली, आणि तीही आखडत आखडत एका अक्षरावर आली. नेल्सनचा उजवा हात जुलै १७९७ मध्ये तेनेरीफच्या हल्ल्यात गेला. त्यानंतरचे त्याचे सारे लिखाण डाव्या हाताचे आहे. नाईलच्या लढाईनंतर ९ ऑगस्ट १७९८ रोजी त्याने मुंबईच्या गव्हर्नरला विजयाची वार्ता कळवणारे पत्र पाठवले, ते या डाव्या हाताच्या काळातले. आसईच्या लढाईचा आर्थर वेलस्ली १७९७ साली कलकत्त्यास उतरला, तेव्हा आडनाव ‘वेस्ली’ असे लिहीत होता. १७९८ पासून ‘वेलस्ली’ झाले, आणि ‘वेलिंग्टन’ ही सही १८०९ नंतरची. त्यामुळे आसईच्या लढाईच्या, म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ च्या, आसपासच्या दख्खनमधील पत्रावर ‘वेलिंग्टन’ दिसले, तर ते पत्र खोटे आहे. शिवाय समुद्रमार्गे जाणाऱ्या महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांनी पाठवल्या जात, म्हणून एकाच मजकुराची सही असलेली दोन पत्रे सापडली तरी दोन्ही अस्सल असू शकतात.

हीच उतरंड मराठी कागदांना लावल्यावर मात्र नुकसान झाले. सही नाही म्हणून पूर्ण पत्राला कमी भाव मिळतो आणि शिक्का ठसठशीत असला, की तेवढ्याच तुकड्याला जास्त. त्याहून मोठा तोटा रुमालातून, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून, पत्र सुटे करण्याने होतो. मराठेशाहीतील पुष्कळशा पत्रांवर ‘चंद्र’ म्हणजे तिथीचा आकडा आणि मुसलमानी महिना एवढेच असते, वर्ष नसते. ते वर्ष त्याच रुमालातील शेजारच्या कागदांवरून ठरवावे लागते. पानिपतच्या मोहिमेतील पत्रे १८९८ साली छापून निघाली, तेव्हाही कालनिर्णय हेच संपादकाचे सर्वांत अवघड काम होते. वसईच्या मोहिमेतले एखादे पत्र एकटेच चौकटीत बसवून भिंतीवर लावले, तर ते १७३७ चे की १७३९ चे, हे सांगण्याचा आधारच उरत नाही. अशा चौकटी मुंबईच्या घरांतून दिसतात, आणि प्रत्येक वेळी तो रुमाल कुठे गेला असेल, हा प्रश्न मनात येतो.

कायद्याने हा व्यवहार स्वातंत्र्यानंतर बांधला गेला. १९४७ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या निर्यातीवर नियंत्रण आले, आणि त्याची जागा घेणारा १९७२ चा कायदा एप्रिल १९७६ पासून अमलात आला. मूर्ती किंवा नाणे पुरावस्तू ठरण्यास शंभर वर्षे लागतात. ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला वा दस्तऐवजाला पंच्याहत्तर वर्षे पुरतात. अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिच्या विक्रीचा धंदा करायचा असल्यास परवाना लागतो. १९९३ च्या कायद्याने सरकारी अभिलेखांना वेगळे संरक्षण दिले, पण सरदार घराण्याचे दप्तर हे घरचे की सरकारचे, हा वाद त्याने मिटला नाही, कारण त्या काळी सरदाराचे घर आणि कचेरी एकाच वाड्यात नांदत होती.

अलीकडे बाजाराचे लक्ष विसाव्या शतकाकडे वळले आहे. पहिल्या महायुद्धात इराकमधील कूतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या काळच्या शिपायांची घरी आलेली पत्रे पुष्कळदा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली असत, त्यामुळे दस्तुराचा प्रश्न तेथेही उभा राहतो. स्वातंत्र्योत्तर काळात सर्वाधिक मागणी फील्ड मार्शल माणेकशा यांच्या सहीला आहे, विशेषतः पहिल्या दिवसाच्या लिफाफ्यांवर (नवे तिकीट निघते त्या दिवशीच्या शिक्क्यासह काढलेल्या लिफाफ्यांवर), आणि सर्वाधिक बनावटही तिथेच आढळते. त्यांचे निधन २७ जून २००८ रोजी झाले. त्यांच्यावरील टपाल तिकीट त्याच वर्षी १६ डिसेंबरला निघाले. तरीही त्या तिकिटाच्या लिफाफ्यावर त्यांची ‘सही’ विकायला ठेवलेली असू शकते, म्हणून सहीआधी तारीख पाहावी. बॉलपेन दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बाजारात आले आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकणारा कागद त्याहूनही नंतरचा. या दोन खुणांनी महायुद्धातील म्हणून विकली जाणारी खोटी पत्रे उघडी पडतात.

पंच्याहत्तर वर्षांची रेषा दर वर्षी पुढे सरकते. काश्मीरमधील १९४७-४८ च्या लढाईतील पत्रे तिच्या आत आली आहेत, आणि गोवा मुक्तीच्या वेळची पत्रे २०३६ साली येतील. ती आज दादर-गिरगावातील ट्रंकांत, इमारतींच्या पुनर्विकासाची वाट पाहत पडलेली आहेत, आणि घर रिकामे करताना त्यांतली बरीचशी रद्दीच्या वजनात जातात.