कुत्र्याला घेऊन कमाटी बाग, चांपानेर: परवानगी कुठे मागायची, कागद कुठले लागतील

थंडी पडली की आपल्या वडोदऱ्यात कोणी ना कोणी विचारतंच, डॉगीला घेऊन चांपानेरला चाललोय, आत सोडतील ना? नाही सोडणार. तिथली जुनी स्मारकं सरकारने संरक्षित केलेली आहेत, आणि अशा स्मारकांसाठीच्या १९५९ च्या नियमांत ८ व्या नियमात सरळ लिहिलंय की देखभालीच्या कामाशिवाय आत कुठलाही प्राणी आणायचा नाही. तेव्हा गेटवर वाद घालू नका आणि कुत्र्याला बंद गाडीत ठेवून आत तर अजिबात जाऊ नका, त्या दिवशी घरीच कोणाकडे तरी सोडा.

कमाटी बागेचं वेगळं आहे. सयाजीरावांनी १८७९ साली केलेली ही बाग आता महापालिकेकडे आहे, म्हणून विचारायचं ते पार्क्स अँड गार्डन्स विभागाला, गेटवरच्या माणसाच्या तोंडी "हो" वर जाऊ नका, उद्या ड्युटीवर दुसरा असतो. साध्या कागदावर अर्ज लिहा, गुजरातीत लिहिलात तर काम पटकन पुढे सरकतं, त्यात कुठलं गेट, किती वाजता, कुत्रे किती, पट्टा धरणार कोण हे सगळं टाका, दोन कॉप्या न्या आणि एकीवर शिक्का नि इनवर्ड (आवक) नंबर घेतल्याशिवाय निघू नका. उत्तरच नाही आलं तर आरटीआय करा, गुजरातमध्ये २० रुपये फी आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि मागायचं एवढंच की पाळीव कुत्र्यांबद्दल सध्याचा जो नियम किंवा ठराव असेल त्याची कॉपी द्या.

अर्जाला आधार आणि लाईट बिलाची झेरॉक्स, कुत्र्याचा फोटो, पालिकेत नोंदणी केली असेल तर ती पावती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लसीचं पुस्तक जोडा. त्यात रेबीजच्या लसीचा बॅच स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का हे तिन्ही हवं, नुसती पेनाने लिहिलेली तारीख कोणी धरत नाही. पिल्लू ३ महिन्यांचं झालं की पहिली रेबीज, मग बूस्टर, मग दरवर्षी. डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणू-आजारांची लस राहिली असेल तर अर्जच करू नका प्लीज, कारण बागेतच झू आहे. २०१८ ला गीरमध्ये सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता, आणि पार्व्हो तर मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

म्हणून परवानगी हातात असली तरी झूच्या कुंपणापासून लांब राहा, विश्वामित्री नदीच्या काठाला तर नकोच, तिथे मगरी आहेत. नव्या लॉनवर लघवी झाली की चार दिवसांत गवतावर पिवळे गोल पडतात, तेव्हा बाटलीभर पाणी जवळ ठेवा आणि लगेच ओता, शी उचलायला पिशवी तर हवीच.

आणि मार्चपासून मोकळ्या जमिनीवर जरा जपून. टिटवी घरटं बांधत नाही, खड्यांमध्येच खड्यांसारखी दिसणारी अंडी घालते आणि उन्हात पोट भिजवून येऊन त्यांच्यावर बसते, कुत्र्याने तिला हाकललं की अंडी तापतात. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली की पट्टा आखडा आणि तिथूनच मागे फिरा.