शहरं खचली, तेव्हा भूजल आठवलं
शहराखालचं पाणी कधी आटेल, हे एकोणिसाव्या शतकात कुणाच्या गावीही नव्हतं. पॅरिसमध्ये ग्रेनेल इथं १८३३ पासून १८४१ पर्यंत विंधण चाललं आणि ५४८ मीटर खोलीवरून पाणी आपसूक उसळलं. पुढे पंप आले. १९६० च्या दशकापर्यंत लंडनखालच्या खडूच्या खडकातली पाणीपातळी काही ठिकाणी समुद्रसपाटीच्या ८० मीटरहून खाली गेली.

डोळे उघडले ते जपानमध्ये. ओसाका आणि टोकियोचे सखल भाग खचत होते. कारखान्यांचा उपसा कारणीभूत की जमिनीची नैसर्गिक हालचाल, यावर वाद होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी कारखाने बंद पडले, पंप थांबले, भूजल चढलं आणि खचणं जवळपास थांबलं. इतका उघड पुरावा हाती असूनही युद्धानंतर उपसा पुन्हा सुरू झाला. औद्योगिक उपशाला आवर घालणारा कायदा आला १९५६ मध्ये. टोकियोच्या कोतो भागात जमीन एकूण चार मीटरहून अधिक खचली. चिकणमातीचे थर एकदा दबले की नंतर कितीही पाणी भरा, ते पुरते सावरत नाहीत.

शांघायनं १९६० च्या दशकात वेगळी शक्कल लढवली. हिवाळ्यात गार पाणी विहिरींतून जमिनीत सोडायचं आणि उन्हाळ्यात तेच उपसून कापड गिरण्यांतली हवा थंड करायची. पुनर्भरणात गिरण्यांचाही फायदा होता. माझ्या मते हा उपाय रुजला तो त्यामुळेच. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत १९७६ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी किनाऱ्यालगतच्या विहिरींत सोडून भूजलात शिरणारं समुद्राचं खारं पाणी थोपवलं जाऊ लागलं. (लंडनमध्ये मात्र उद्योग हटल्यावर पातळी इतकी चढू लागली की बोगदे आणि इमारतींचे पाये वाचवायला मुद्दाम उपसा वाढवावा लागला.)

आता पावसाचीच तऱ्हा बदलते आहे. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस थोड्या वेळात कोसळतो आणि डांबर-काँक्रीटवरून मुरायच्या आधीच गटारात जातो. कोरडे दिवस लांबले की उपसा वाढतो. चीननं २०१५ मध्ये १६ शहरांत ‘स्पंज शहर’, म्हणजे पावसाचं पाणी स्पंजासारखं शोषून घेणारं शहर, हा प्रयोग सुरू केला. याच धर्तीवर कामं झालेल्या झेंगझोऊत जुलै २०२१ मध्ये एका तासात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि शहर बुडालं. पाणी झिरपू देणारी फरसबंदी नेहमीच्या सरींपुरतीच असते. असा पाऊस आधी तलावात अडवून, गाळ बसू देऊन, मग सावकाश मुरवावा लागतो आणि तेवढी मोकळी जागा शहरांनी फारशी ठेवलेली नाही.