मानांकन सक्तीचं कसं झालं?

अमेरिकेत निराधार मुलांची निवासगृहं, कुटुंब समुपदेशन केंद्रं, व्यसनमुक्ती केंद्रं चालवणाऱ्या ना-नफा संस्थांना मानांकन, म्हणजे ठरलेल्या निकषांवर तपासणी करून मिळणारी मान्यता, मिळवून द्यायला मदत करणं हा आज स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याची मुळं मात्र रुग्णालयांत सापडतात.

१९१८ मध्ये 'अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स'ने शंभर किंवा त्याहून जास्त खाटांची ६९२ रुग्णालयं तपासली. निकष जेमतेम पानभर. तरी उत्तीर्ण झाली फक्त ८९. नापासांत बडी बडी नावं निघाल्याने ती यादी पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली, असं सांगतात. तपासणी मात्र टिकली. १९५१ मध्ये त्यातूनच रुग्णालयांना मानांकन देणारं जॉइंट कमिशन उभं राहिलं आणि १९६५ च्या मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) कायद्याने त्याचं मानांकन असलेल्या रुग्णालयांना सरकारी पैशासाठी पात्र धरलं. ऐच्छिक गोष्ट पैशाशी जोडली गेली ती इथे.

समाजसेवेच्या क्षेत्रात पुनर्वसन केंद्रांसाठी १९६६ मध्ये 'कार्फ' हे मानांकन मंडळ आलं. १९७७ मध्ये बालकल्याण आणि कुटुंबसेवा संस्थांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी मिळून 'कौन्सिल ऑन ॲक्रेडिटेशन' ही मानांकन देणारी संस्था स्थापन केली. कल्पना चांगली होती: याच क्षेत्रातल्या अनुभवी माणसांनी एकमेकांचं काम तपासायचं. आधी संस्थेने स्वमूल्यांकन लिहायचं, पुरावे जोडायचे, मग तपासनीस प्रत्यक्ष येणार.

मोठ्या संस्थांकडे यासाठी वेगळा विभाग असतो. छोट्या संस्थेत संचालकच अनुदानाचे अर्ज लिहितात आणि फोनही उचलतात. सल्लागाराची गरज पडते ती तिथे. काही सल्लागार तयार नियमावली विकतात. माझ्या मते ते पैसे वाया जातात. तपासनीस रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला विचारतो, "मूल पळून गेलं तर पहिला फोन कुणाला?" उत्तर एक आणि नियमावलीत भलतंच, हे लगेच उघडं पडतं. चांगला सल्लागार आधी तेच प्रश्न स्वतः विचारून घेतो, कर्मचाऱ्यांच्या फायलीतली पार्श्वभूमी-तपासणी जागेवर आहे का ते बघतो.

२०१८ च्या 'फॅमिली फर्स्ट' कायद्याने निवासगृहांवरचा दबाव वाढवला. मूल दोन आठवड्यांहून जास्त राहिलं, तर केंद्र सरकारचा निधी मुख्यतः मानांकन असलेल्या विशेष उपचार-गृहांनाच, अशी अट आली. ती १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू होणार होती. राज्यांना दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ घेता येत होती आणि अनेकांनी ती घेतली. एका मानांकनाला वर्ष-दीड वर्ष सहज जातं हे पाहता ती मुदत काही फार नव्हती.