पॅराफिन की सोया? घरी मेणबत्ती करण्याआधी मेण ओळखा

दुकानात दोन पिशव्या शेजारी शेजारी असतात. दोन्हींत पांढरं मेण. एकीवर पॅराफिन लिहिलेलं, दुसरीवर सोया. दोन्ही वितळतात, दोन्हींत वात बसते, दोन्ही जळतात. मग बरेच जण भाव बघून एक उचलतात आणि दिवाळीच्या आठवड्यात तक्रारी सुरू होतात. साच्यातून मेणबत्ती निघतच नाही, निघाली तर कडा तुटतात. किंवा काचेच्या ग्लासात छान ओतलेलं मेण दुसऱ्या दिवशी काचेपासून सुटलेलं दिसतं आणि वातीभोवती खड्डा पडलेला असतो. करणाऱ्याचा हात यात वाईट नसतो. मेण भलत्या कामाला लावलेलं असतं.

माझं मत आधीच सांगते. जी मेणबत्ती भांड्याच्या आधाराशिवाय उभी राहणार, पाण्यावर तरंगणार किंवा एखाद्या आकारात शोभणार, तिला पॅराफिन. जी ग्लासात, कपात, वाटीत राहणार, तिला सोया. ‘नैसर्गिक ते चांगलं, खनिज ते वाईट’ हा वाद त्यानंतरचा, आणि त्याचं उत्तर मेणापेक्षा वातीत जास्त सापडतं.

दोघांचं मूळ वेगळं आहे. पॅराफिन आज खनिज तेलातून येतं. वंगणाचं तेल शुद्ध करताना जो मेणचट भाग वेगळा निघतो, तो आणखी स्वच्छ केला की हे मेण. कार्ल फॉन रायशेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८३० मध्ये पॅराफिन पहिल्यांदा वेगळं काढलं, तेही लाकडाच्या डांबरातून. आपल्या देशात आसामातली दिग्बोईची रिफायनरी १९०१ पासून चालू आहे आणि तिचं मेण प्रसिद्ध आहे. सोया मेण त्यामानानं अगदी अलीकडचं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते मेणबत्तीसाठी तयार केलं. कृती आपल्याला परकी नाही. वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करतात, तसंच इथं सोयाबीनच्या तेलाचं करतात, फक्त बरंच पुढं नेऊन. लातूर-वाशीमकडे सोयाबीन म्हटलं की तेल आणि पेंड डोळ्यांपुढं येते. त्याच तेलाचं हे तिसरं रूप.

या मुळातूनच पुढचा सगळा स्वभाव येतो. पॅराफिनचे रेणू बहुतांशी लांब, सरळ साखळ्यांचे. गार होताना ते एकमेकांना घट्ट चिकटून बसतात, त्यामुळे मेण कडक होतं आणि चांगलंच आकसतं. सोया मेण हे मुळात घट्ट केलेलं तेल. त्याचे रेणू तसे दाटीनं बसत नाहीत, म्हणून ते मऊ राहतं, कमी आकसतं आणि भांड्याला धरून राहतं. मेणबत्तीचं पॅराफिन साधारण ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळतं. भांड्यातल्या मेणबत्तीसाठी मिळणारं सोया साधारण ४६ ते ५० अंशांतच पातळ होतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हा फरक फार मोठा आहे. बंद गाडीत ठेवलेला सोया मेणबत्तीचा डबा तिथं हमखास पाणी होतो, आणि वितळला नाही तरी वर सुगंधी तेलाचे थेंब सुटतात. उन्हाळ्यात कुरिअरनं भेट पाठवायची असेल तर हे आधी लक्षात घ्या.

लेबल गेलेली पिशवी घरात असेल तर नखानं ओळखा. पॅराफिनवर नख घसरतं, तुकडा किंचित पारदर्शक दिसतो आणि ओट्यावर आपटला तर टक्क आवाज करतो. बाजारात ते लादी किंवा दाण्यांच्या रूपात मिळतं. सोया अपारदर्शक, दुधी रंगाचं, बहुतेक वेळा पातळ चकत्यांचं असतं. नख लोण्यात शिरावं तसं आत जातं. वितळल्यावर पॅराफिन पाण्यासारखं स्वच्छ, सोया जरा पिवळसर. ‘पिलर’ (भांड्याशिवाय उभी राहणारी जाड मेणबत्ती) असं लिहिलेलं सोयाही मिळतं. ते साच्यासाठी मुद्दाम कडक केलेलं असतं, त्यामुळे वर सांगितलेला नियम त्याला लागू नाही.

आता प्रत्यक्ष करायला घेऊ. पॅराफिनचं आकसणं हा दोष वाटतो, पण साच्यात तोच गुण आहे. मेण कडांपासून सुटतं, म्हणूनच मेणबत्ती अलगद बाहेर येते. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरमधल्या जत्रेत नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं मांडलेली असतात. अशी बोटं आणि खिडक्या स्पष्ट उमटायच्या तर मेण कडकच हवं. घरी याचा सगळ्यात सोपा वापर म्हणजे मोदकाचा साचा. ॲल्युमिनियमचा साचा उघडा, आतून तेलाचा बारीक हात फिरवा, वात दोन्ही भागांच्या मध्ये अशी ठेवा की टोक मोदकाच्या कळीतून बाहेर राहील, मग साचा घट्ट बंद करा. कळी खाली करून तो वाटीभर तांदळात रोवला की हलत नाही. बुडाच्या तोंडातून ८० अंशांच्या आसपासचं मेण ओता. गार होताना मध्ये खड्डा पडेल. थोडं मेण राखून ठेवलेलं असू द्या आणि तो दुसऱ्यांदा भरा. शंभर ग्रॅम पॅराफिनमागं दहा ग्रॅम स्टिअरिक ॲसिड (तेल-चरबीपासून मिळणारा मेणासारखा पांढरा पदार्थ) घातलं तर मेणबत्ती पांढरीशुभ्र होते, उन्हाळ्यात वाकत नाही आणि साचा लवकर सोडते. एकदा मेण ओतलेला साचा मात्र पुन्हा उकडीच्या मोदकाला वापरू नका. त्याच्यावर खूण करून वेगळा ठेवा.

याच मेणाची जाळीदार मेणबत्ती मुलांना भारी आवडते. ज्यूसचा रिकामा चौकोनी खोका घ्या, वरून कापा, मधोमध तयार बारीक मेणबत्ती उभी करा, भोवती बर्फाचे खडे भरा आणि वरून वितळलेलं पॅराफिन हळूहळू सोडा. मेण बर्फाला लागताच थिजतं, बर्फ विरघळतो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. खडे मोठे घेतले तर खिडक्याच पडतात, बारीक घेतले तर नाजूक नक्षी होते. तासाभरानं पाणी ओतून द्या, खोका फाडून काढा आणि मेणबत्ती दिवसभर वाळू द्या, कारण अडकलेल्या पाण्यानं वात तडतडते. खाली ताटली हवीच, कारण जाळीतून मेण ओघळतं. ओतण्याचं काम मोठ्यांनीच करावं. सोया मेणाची ही जाळी इतकी ठिसूळ होते की खोका फाडतानाच तुटते.

तरंगत्या मेणबत्त्यांना दोन्ही मेणं चालतील असं वाटतं, कारण दोन्ही पाण्याहून हलकी. पितळेच्या घंगाळात पाकळ्या आणि दिवे सोडायचे असतील तरी मी पॅराफिनच घेईन. त्याची कड शेवटपर्यंत टिकते. सोयाची कड लवकर मऊ पडते आणि पाणी आत शिरलं की वात विझते.

सोयाचं राज्य भांड्यात. कान तुटलेला चिनी मातीचा कप, जोडी फुटलेला काचेचा ग्लास, आजीच्या वेळची स्टीलची वाटी, यांना दुसरा जन्म द्यायला याच्याइतकं सोयीचं मेण नाही. मात्र तडा गेलेली काच घेऊ नका, गरम होऊन ती फुटते. मेण किती लागेल? भांड्यात हव्या त्या उंचीपर्यंत पाणी भरा आणि ते मोजा. २०० मिलिलिटर भरलं तर साधारण १८० ग्रॅम मेण. मग भांडं अगदी कोरडं करा. वात तळाशी चिकटवा, वर दोन काड्यांमध्ये धरून सरळ ठेवा आणि मेण ५५ ते ६० अंशांवर आलं की ओता. फार गरम ओतलं तर वरचा थर खडबडीत होतो. थंडीत पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी नक्षी उमटते. ती बुरशी नाही, सोयाचे स्फटिक आहेत, जळण्याला काही बाधा येत नाही. कोऱ्या मातीच्या पणतीत मात्र सोया ओतू नका. वितळल्यावर ते मातीत झिरपतं आणि खालच्या लाकडी फळीवर डाग पडतो. पणतीच हवी असेल तर आतून चकाकी दिलेली घ्या, किंवा पॅराफिन भरून खाली ताटली ठेवा.

सुगंधाचा हिशोब दोघांचा वेगळा. शंभर ग्रॅम मेणाला सहा ते आठ ग्रॅम सुगंधी तेल पुरतं, मेण ७० अंशांच्या आसपास असताना घालून नीट ढवळायचं. पॅराफिनची मेणबत्ती दोन-तीन दिवसांत पेटवता येते आणि तिचा वास खोलीभर लवकर पसरतो. सोयाला आठवडा-दोन आठवडे मुरू द्यावं लागतं, म्हणून भाऊबीजेला द्यायच्या मेणबत्त्या दसऱ्यालाच ओतून ठेवाव्यात. रंगातही फरक आहे. पॅराफिनमध्ये रंग भडक आणि खोल दिसतो, सोयात तोच रंग फिकट होतो. खाण्याचे पाण्यातले रंग दोन्हींत मिसळत नाहीत, आणि शाळेतले मेणाचे खडू घातले तर त्यातली भुकटी वातीत अडकून ज्योत मंदावते. मेणबत्तीसाठीचा तेलात विरघळणारा रंगच घ्या.

आता धुराचा प्रश्न, कारण सोया घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात तोच असतो. मेण पूर्ण जळलं तर दोन्हींतून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफच निघते. अर्धवट जळलं की काजळी. सोया मंद जळतं आणि काजळी कमी धरतं हे खरं. पण वात गरजेपेक्षा जाड किंवा लांब असेल आणि वर पंखा फिरत असेल, तर सोयाच्या ग्लासाचा काठही काळा होतो. नीट कापलेल्या वातीचं पॅराफिन भिंत काळी करत नाही. दर वेळी पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून बाकीची कापा. सुती, विणलेली वात घ्या. पूर्वी काही वातींत शिशाची तार असे, तिच्यावर अमेरिकेत २००३ मध्ये बंदी आली. सुगंधी तेल जास्त घातलं तरी धूर वाढतो, मग मेण कुठलंही असो. दम्याचं कुणी घरात असेल तर बिनवासाची मेणबत्ती आणि उघडी खिडकी हेच मला योग्य वाटतं, पिशवीवर काहीही लिहिलेलं असलं तरी.

वातीची जाडी भांड्याच्या रुंदीवर ठरते, आणि मेण बदललं की वातही बदलावी लागते. पॅराफिनमध्ये चालणारी वात त्याच ग्लासात सोयाला बहुधा बारीक पडते. मग ज्योतीखाली विहिरीसारखी पोकळी होते आणि कडेचं मेण तसंच राहतं. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वितळलेलं मेण काठापर्यंत पोचेपर्यंत विझवू नका. सात-आठ सेंटिमीटर रुंदीच्या ग्लासाला त्यासाठी तीनेक तास लागतात. चार तासांहून जास्त सलग मात्र जाळू नये.

वितळवण्यात दोघांना एकच शिस्त. मेणाचं पातेलं थेट गॅसवर ठेवू नका, मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात ठेवा. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि पॅराफिनच्या वाफा साधारण २०० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतात, म्हणजे ही साधी युक्ती मोठा अपघात टाळते. तरीही मेणानं पेट घेतला तर पाणी कधीही टाकायचं नाही. जळतं मेण उसळून अंगावर येतं. गॅस बंद करा आणि वर झाकण ठेवा. मेण मोरीत किंवा सिंकमध्येही ओतू नका, पाइपात थिजून बसतं.

कपड्यावर पॅराफिन सांडलं तर आधी गार होऊ द्या, पापुद्रे खरवडा, मग वर-खाली कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागदात उतरतं. सोया सांडलं तर गरम पाणी आणि साबण बहुतेक वेळा पुरतो. जळून संपलेल्या ग्लासाचंही तसंच. तळाशी पॅराफिन उरलं असेल तर ग्लास दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा, मेण आकसून सुटतं आणि उलटा करून ठोकलं की निघतं. सोया उरलं असेल तर गरम पाण्यात ग्लास उभा ठेवा आणि मऊ झालेलं मेण चमच्यानं काढा. दोन्हींचे तुकडे एकत्र वितळवायलाही हरकत नाही. पॅराफिनचा भाग जास्त झाला तर मिश्रण साच्यात ओता, सोयाचा जास्त झाला तर कपात.