लीगा ४, बुखारेस्ट (२०१७–१८)

रोमानियन फुटबॉलच्या चौथ्या स्तरावरील बुखारेस्ट शहर साखळीचा हंगाम. एरवी या स्पर्धेची दखल शहराबाहेर फारशी कुणी घेत नाही. या वर्षी मात्र देशातील दोन नामवंत क्लब, रापिद आणि स्तेआउआ, एकाच वेळी तिच्यात खेळत होते. रोमानियात क्लब नेमका कोणाचा असतो, मालकाचा, सरकारचा की पाठीराख्यांचा, या जुन्या वादाला या हंगामाने मैदानावर आणले, आणि म्हणूनच तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रोमानियातील पहिला स्तर व्यावसायिक क्लबांची लीग चालवते; दुसरा आणि तिसरा स्तर राष्ट्रीय महासंघाकडे आहेत. चौथ्या स्तरापासून खाली जिल्हा संघटनांचे राज्य सुरू होते. देशात ४१ जिल्हे आणि त्यांच्या बरोबरीची राजधानी बुखारेस्ट, अशा ४२ ठिकाणी स्वतंत्र साखळ्या चालतात. २००६ पूर्वी या स्तराचे नाव दिविझिया ‘ड’ होते; त्या वर्षी सगळ्याच स्तरांची नावे बदलून त्यांना ‘लीगा’ म्हणू लागले. इथले बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे. जिल्ह्याचा विजेता झाला म्हणजे वरच्या स्तराचे दार उघडले, असेही नाही. शेजारच्या जिल्ह्याच्या विजेत्याशी दोन लढतींचा निर्णायक सामना, म्हणजे ‘बराज’, जिंकावा लागतो. ४२ विजेत्यांपैकी जेमतेम निम्मे लीगा ३ मध्ये पोहोचतात. वर्षभर एकही सामना न हरलेला संघसुद्धा जूनमधल्या एका वाईट दुपारी पुन्हा त्याच जागी येऊ शकतो. ही रचना क्रूर आहे, पण तिच्यामुळेच लहान गावांच्या संघांनाही हंगामाच्या अखेरीपर्यंत जीव तोडून खेळावे लागते.

रापिद इथे आला तो कर्जामुळे. १९२३ मध्ये बुखारेस्टच्या ग्रिवित्सा रेल्वे कार्यशाळेतील कामगारांनी हा क्लब काढला. गडद लालसर वाइनी रंगाचा पोशाख, जुलेश्त भागातले मैदान आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कष्टकरी चाहता ही त्याची ओळख. तीन वेळा (१९६७, १९९९, २००३) तो देशाचा विजेता झाला आणि राष्ट्रीय चषक त्याने तेरा वेळा जिंकला. पुढे आर्थिक घडी विस्कटत गेली. २०१५–१६ मध्ये दुसऱ्या स्तरावरून बढती मिळवूनही संघ पहिल्या स्तरावर उतरू शकला नाही. दिवाळखोरीने क्लबचे दार बंद केले होते. नाव, बोधचिन्ह आणि इतिहास यांवर हक्क सांगत नवे प्रयत्न सुरू झाले. त्यांतला अकादेमिया रापिद हा संघ २०१७ मध्ये शहर साखळीत उतरला. माजी आघाडीवीर दानिएल निकुलाए याच्यासारखी जुन्या रापिदची माणसे या उभारणीत पुढे होती.

स्तेआउआचा रस्ता वेगळा, आणि अधिक गुंतागुंतीचा. १९४७ मध्ये सैन्याने स्थापन केलेल्या या क्लबने ७ मे १९८६ रोजी सेव्हियात बार्सिलोनाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून युरोपियन चषक जिंकला. गोलरक्षक हेल्मुथ दुकादाम याने त्या संध्याकाळी चारही पेनल्टी अडवल्या होत्या. पूर्व युरोपातील क्लबने हा चषक जिंकण्याची ती पहिली वेळ. १९९८ मध्ये फुटबॉल विभाग सैन्याच्या क्रीडा संस्थेपासून वेगळा झाला आणि नंतर तो जिजी बेकाली या उद्योगपतीच्या ताब्यात गेला. संरक्षण मंत्रालयाने पुढे न्यायालयात दावा लावला की नाव आणि चिन्ह आमचेच आहे. डिसेंबर २०१४ मध्ये निकाल मंत्रालयाच्या बाजूने लागला. त्यानंतरच्या एका सामन्यात बेकालीच्या संघाला नाव आणि चिन्हाशिवाय खेळावे लागले. धावफलकावर फक्त ‘यजमान’ असा शब्द होता. २०१७ मध्ये त्या संघाने ‘एफसीएसबी’ हे नाव घेतले. त्याच वर्षी सैन्याने स्वतःचा फुटबॉल विभाग नव्याने सुरू केला, आणि नियमाप्रमाणे नव्या संघाला तळापासून चढायचे असल्याने तो चौथ्या स्तरावर दाखल झाला. एकाच वेळी एफसीएसबी पहिल्या स्तरावर विजेतेपदासाठी झुंजत होता आणि सैन्याचा स्तेआउआ शहर साखळीत हौशी संघांशी भिडत होता. दक्षिण स्टँडमधल्या कडव्या पाठीराख्यांपैकी मोठा भाग सैन्याच्या संघामागे गेला. त्यांच्या दृष्टीने न्यायालयाने सांगितले तेच खरे स्तेआउआ होते. युएफा ही युरोपीय फुटबॉलची संघटना मात्र युरोपातील जुनी कामगिरी एफसीएसबीच्या नावावर मोजत राहिली.

या हंगामाचा शिखरबिंदू एप्रिल २०१८ मध्ये आला. अकादेमिया रापिद आणि सैन्याचा स्तेआउआ यांचा सामना शहरातल्या कुठल्याही छोट्या मैदानावर मावणार नव्हता, तो अरेना नात्सिओनाला या राष्ट्रीय मैदानावर झाला. २०११ मध्ये उघडलेल्या आणि ५५ हजारांहून जास्त प्रेक्षक बसू शकणाऱ्या या मैदानावर २०१२ ची युरोपा लीगची अंतिम लढत झाली होती. त्या दिवशी इथे ३६ हजारांहून अधिक लोक आले. चौथ्या स्तरावरील सामन्यासाठी हा रोमानियातील विक्रम ठरला; पहिल्या स्तरावरच्या बहुतेक सामन्यांनाही त्या काळात एवढी गर्दी होत नसे. याच दोन नावांनी बारा वर्षांपूर्वी, २००६ च्या वसंतात, युएफा चषकाची उपांत्यपूर्व फेरी खेळली होती. तेव्हा दोन्ही सामने बरोबरीत (१–१ आणि ०–०) सुटले आणि परक्या मैदानावरच्या गोलवर स्तेआउआ पुढे गेला. इतक्या उंचीवरून इतक्या खाली येऊनही या लढतीची ओढ ओसरली नव्हती, हेच त्या दिवशीच्या गर्दीने दाखवून दिले. या साखळीतले बाकीचे संघ या दोघांच्या सावलीत गेले हे खरे, पण त्यांच्याही खेळाडूंना एरवी कधी न मिळणारे प्रेक्षक लाभले.

साखळीचे विजेतेपद अकादेमिया रापिदने मिळवले आणि उन्हाळ्यात तो लीगा ३ मध्ये पोहोचला. तिथून त्याची चढण वेगाने झाली. माजी राष्ट्रीय खेळाडू दानिएल पान्कु प्रशिक्षक झाला, संघ २०१९ मध्ये लीगा २ मध्ये आला आणि २०२१ मध्ये पहिल्या स्तरावर परतला. जुलेश्तचे जुने मैदान पाडून बांधलेले नवे मैदान २०२२ मध्ये वापरात आले.

स्तेआउआला मात्र शहर साखळीतच आणखी थांबावे लागले. २०२० मध्ये तो तिसऱ्या स्तरावर गेला आणि लगेच पुढच्या वर्षी दुसऱ्या. २०२१ मध्ये गेन्चा भागात त्याचे सुमारे ३१ हजार आसनांचे नवे मैदानही उभे राहिले. पण इथे एक अडचण आडवी आली. सरकारी संस्थेच्या मालकीच्या क्लबला व्यावसायिक पहिल्या स्तरावर जाता येत नाही, असा कायद्याचा अर्थ लावला गेला. त्यामुळे २०२२–२३ मध्ये गुणतक्त्यात वरच्या जागी असूनही सैन्याच्या संघाला बढती नाकारली गेली. ज्या सरकारी मालकीने त्याला नाव परत मिळवून दिले, तीच मालकी त्याची वाट अडवून बसली.

त्या काळात बुखारेस्टबाहेरही हेच चालले होते. २०१६ मध्ये बुडालेले प्लोयेश्त शहराचे पेट्रोलुल आणि क्लुजचे ‘उ’ क्लुज हे क्लब २०१६–१७ मध्ये आपापल्या जिल्ह्याच्या चौथ्या स्तरावर नव्याने उभे राहिले होते. २०१७–१८ मध्ये दोघे तिसऱ्या स्तरावर खेळले आणि २०२२ मध्ये दोघेही पहिल्या स्तरावर परतले.